परदेशात गोळ्या हरवल्या किंवा चोरीला गेल्या: आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

नागपुरात प्रताप नगर भागात आमचं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मार्च संपला की आमचे नेहमीचे बरेच काका-काकू तीन महिन्यांची औषधं एकदम बांधून घेतात आणि मुलांकडे निघतात. कुणी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दोहामार्गे, कुणी मुंबई-दिल्लीहून. त्यानंतर माझा फोन अवेळी वाजायला लागतो. उन्हाळ्यात न्यू जर्सीत दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा इथे रात्रीचे दोन झालेले असतात. पलीकडे मुलगा नाही तर सून, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, बाबांची औषधं गेली."

हे इतक्या वेळा निस्तरलं आहे की त्याचा एक क्रम बसून गेलाय. तोच लिहिते आहे. फुकटात आणि बसल्या जागी होणारं आधी, पैसे आणि धावपळ लागणारं नंतर.

लक्षणं

फोन साधारण चार प्रकारचे असतात. चेक-इन केलेली बॅग आलीच नाही आणि औषधं तिच्यात होती. हा सगळ्यात जास्त. पर्स किंवा पिशवी चोरीला गेली, नाहीतर टॅक्सीत राहिली. इन्सुलिन हॉटेलच्या फ्रिजमध्ये राहिलं आणि आठवण दुसऱ्या गावी पोहोचल्यावर झाली. किंवा काहीच हरवलं नाही, मुक्काम लांबला आणि गोळ्या संपल्या.

चारही प्रकारांत मी विचारते, "कोणत्या गोळ्या होत्या?" उत्तर येतं, "बीपीची एक पांढरी, शुगरची एक लांबट, आणि ती सकाळी उपाशीपोटी घेतात ती." खरा बिघाड इथे आहे. पांढरी गोळी जगात कुठेही मिळते, पण तिचं नाव कुणालाच सांगता येत नाही. नाव, ताकद आणि दिवसातून किती वेळा, एवढं हातात आलं की बाकीचं काम बहुतेक वेळा एका दिवसात होतं.

शरीराची लक्षणं वेगळी. छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट येणं, बेशुद्धी, किंवा साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या: यातलं एकही दिसलं तर पुढचं काही वाचू नका. अमेरिकेत ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८, सिंगापूरला ९९५, ऑस्ट्रेलियात ०००. मला फोन नंतर करा.

पहिली तपासणी: हातात किती वेळ आहे

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. पण हे आधी करायचं, कारण घाई कुठे करायची आणि कुठे नाही ते यावरच ठरतं.

काही औषधांना तासांचा हिशोब असतो. टाइप १ मधुमेहाचं इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, किडनी किंवा लिव्हर बदललेल्यांच्या गोळ्या, बरेच दिवस चालू असलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्यांची रक्त पातळ ठेवायची औषधं. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगाट्रान यांचा असर साधारण एका दिवसात ओसरतो, म्हणून "उद्या बघू" चालत नाही. यातलं काहीही गेलं असेल तर दुसरी ते पाचवी तपासणी तुमच्यासाठी नाही. गोळीचं नाव आठवत असेल तर ते घेऊन, नसेल तर तसंच, आजच डॉक्टर गाठा. आजार सांगितला तरी डॉक्टर पुढचं ठरवू शकतात.

काही औषधं अचानक बंद केली की उलटतात. बीपी-हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, बीपीची क्लोनिडीन, आणि झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. झोपेची गोळी चुकली तर काय होतंय, असं घरच्यांना वाटतं. पण वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याची ती एकदम तुटली तर फिट येऊ शकते. यांनाही त्याच दिवशी डॉक्टर.

थायरॉइडची गोळी शरीरात बरेच दिवस टिकते, तिचा निम्मा अंश जायलाच आठवडाभर लागतो. दोन-तीन दिवस चुकली तर जीव घाबरा करू नका. कोलेस्ट्रॉलची, कॅल्शियमची, व्हिटॅमिनची तीच गोष्ट. अ‍ॅम्लोडिपिनही हळू उतरते, पण बीपीची आणि शुगरची गोळी एक-दोन दिवसांत मिळवायचीच, तोवर घरात मशीन असेल तर मोजत राहायचं. आणि गोळी मिळाली की चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन घ्यायच्या नाहीत. "काल राहिली ना, म्हणून आज दोन" हे मी दर उन्हाळ्यात ऐकते.

एक सावधगिरी मोजण्याची. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या एककात (mmol/L) मोजतात. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. मेलबर्नच्या एका घरी आजोबांची साखर "१४ वर आली" म्हणून त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजायची तयारी चालली होती. १४ म्हणजे आपले २५२. तिथलं मशीन हातात घेतलं की आकड्याखाली काय लिहिलंय ते आधी वाचा.

दुसरी तपासणी: खरंच गेलं आहे का

बॅग आली नसेल तर ती हरवली असं धरू नका. बहुतेक वेळा ती मधल्याच कुठल्या तरी विमानतळावर राहिलेली असते. विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनच्या सामान-काउंटरवर पीआयआर नावाची तक्रार लिहून घ्या, तिचा क्रमांक जपा, आणि बॅगेत रोजची औषधं आहेत हे तिथे तोंडाने सांगा आणि लिहायलाही लावा. विमानतळाबाहेर पडलात की हे काम दहापट अवघड होतं. विमान प्रवासाच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल कराराप्रमाणे २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरतात, आणि उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत करावी लागते. दरम्यान घेतलेल्या औषधांची बिलं म्हणूनच ठेवायची.

हॉटेलच्या फ्रिजमध्ये राहिलं असेल तर रिसेप्शनला फोन करा. खोलीत पुढचं गिऱ्हाईक येण्याआधी केला तर वस्तू सापडते. पण इन्सुलिन परत मिळालं तरी ते मधल्या काळात कुठे होतं ते विचारा. गोठलेलं इन्सुलिन, मग ते नंतर कितीही नीट दिसो, टाकूनच द्यायचं.

आणि घरातल्या बाकीच्यांच्या बॅगा उपसा. निघायच्या रात्री वजन जुळवताना एकाच्या बॅगेतलं दुसऱ्याच्या बॅगेत जातं. आमच्याकडच्या एका काकूंच्या गोळ्या तीन दिवसांनी संत्रा बर्फीच्या डब्यांखाली सापडल्या.

तिसरी तपासणी: नाव शोधा

जास्त वेळ इथे घालवा, पुढची निम्मी दमछाक वाचते.

आधी फोनच्या गॅलरीत बघा. कधीतरी मुलाला पाठवायला चिठ्ठीचा फोटो काढलेला असतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानाशी झालेलं बोलणं. मग नागपुरात घरी कुणी असेल तर त्याला देवघराशेजारचा किंवा फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा उघडायला सांगा. रिकाम्या स्ट्रिप्स बहुतेक घरांत पडलेल्याच असतात. स्ट्रिपच्या पुढच्या बाजूचा नाही, मागच्या बाजूचा फोटो मागवा. मोठ्या अक्षरातल्या ब्रँडपेक्षा आपल्याला हवं आहे ते औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. बऱ्याच स्ट्रिपांवर ते देवनागरीतही छापलेलं असतं, त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या आजीसुद्धा फोनवर वाचून दाखवू शकतात. २०२३ च्या ऑगस्टपासून भारतातल्या ३०० मोठ्या ब्रँड्सवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तोही फोटोत आला तर स्कॅन करून मूळ नाव कळतं.

काहीच नसेल तर तुमच्या मेडिकलवाल्याला फोन करा. नेहमीचं दुकान असेल तर मोबाइल नंबरवरून जुनं बिल निघतं. शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीतली औषधं, म्हणजे अल्प्राझोलामसारखी, आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासकट लिहावी लागतात आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे कागद नसला तरी आमच्याकडे असतो. मात्र एकाच दुकानातून औषध घेत असाल तरच हे जमतं. आज इथून, उद्या ऑनलाइन, परवा दवा बाजारातून स्वस्तात, असं असेल तर चार ठिकाणी विचारावं लागेल.

मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून लेटरहेडवर एक पत्र मागा: रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे तसं, आजार, औषधांची मूळ नावं, ताकद, किती वेळा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. ईमेलवर चालतं. हे पत्र दाखवून तिथल्या दुकानात गोळी मिळेल असं मात्र समजू नका. आपल्याकडच्या डॉक्टरची चिठ्ठी अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात चालत नाही. आपल्याकडचे २०२० चे टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवरून सल्ला देण्याचे, नियमही भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत. पत्राचा उपयोग एवढाच की तिथल्या डॉक्टरला पहिल्यापासून शोध घ्यावा लागत नाही. तो उपयोग फार मोठा आहे. पत्र नसलं की ते तपासण्या लिहितात, आणि तपासण्यांचं बिल गोळ्यांच्या कितीतरी पट होतं.

चौथी तपासणी: त्या देशात तिला काय म्हणतात

आपल्या ब्रँडचं नाव घेऊन तिथल्या काउंटरवर उभं राहिलात तर कुणाला काही कळणार नाही. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. मूळ नाव सांगा. त्यातही काही नावं अमेरिकेत बदलतात. पॅरासिटामॉलला तिथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. थायरॉइडची गोळी कुठे मायक्रोग्रॅममध्ये लिहितात, कुठे मिलिग्रॅममध्ये. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. शून्य मोजून घ्या.

उलट, ओळखीचा ब्रँड दिसला म्हणून खूश होऊन घेऊ नका. फ्लोमॅक्स या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटचं टॅमसुलोसिन मिळतं. इटलीत त्याच नावाखाली मॉर्निफ्लुमेट हे सुजेवरचं, दुखण्यावरचं औषध आहे. एक अक्षरही वेगळं नाही.

काही गोळ्या तिथे नसतातच. टेनेलिग्लिप्टिन अमेरिका-युरोपात नाही. व्हिल्डाग्लिप्टिन युरोपात आहे, अमेरिकेत नाही. ग्लिक्लाझाइड ब्रिटनमध्ये सर्रास, अमेरिकेत नाही. बीपीची सिलनिडिपिन अमेरिकेत मिळणार नाही. रक्त पातळ करायचं अ‍ॅसिट्रॉम, म्हणजे अ‍ॅसेनोकुमारोल, अमेरिकेत मिळत नाही. तिथले डॉक्टर वॉरफरिन सुरू करतात आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, बघून डोस बसवतात. हा हिशोब घरच्या घरी करायचा नाही. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत असलेलं आपल्याकडचं तिहेरी मिश्रणही तिथे शोधत बसू नका. आत काय काय आहे ते सुटं लिहून न्या, पुढचं डॉक्टर ठरवतील.

आता इन्सुलिन. इथे मी प्रत्येकाला थांबवून दोनदा विचारते.

मागे ह्यूस्टनहून एका मुलाचा फोन आला. आईची इन्सुलिनची बाटली प्रवासात राहिली होती. ती इथे ३०/७० घ्यायची. अमेरिकेत बहुतेक राज्यांत साधं ह्यूमन इन्सुलिन चिठ्ठीशिवाय मिळतं. त्याने ते आणलं. बाटलीवर ७०/३० लिहिलेलं बघून तो घाबरला आणि त्यासाठी त्याने फोन केला. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आपण जलद इन्सुलिनचा भाग आधी लिहितो, ते सावकाश चालणाऱ्याचा आधी लिहितात, मिश्रण तेच. पण बोलता बोलता म्हणाला, "सिरिंज मात्र नागपूरच्याच आहेत, त्या दुसऱ्या बॅगेत होत्या." मी म्हटलं, टोपण कोणत्या रंगाचं आहे, फोटो पाठव. फोटो आला. लाल टोपण काढून बाजूला ठेवलेलं, २० च्या रेघेपर्यंत भरलेली सिरिंज डायनिंग टेबलावर, शेजारी कापूस.

आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतांशी ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेतली बाटली १०० युनिटची, सिरिंज केशरी टोपणाची. लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. त्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. २० घेणाऱ्या बाईला ५० गेले असते, तेही रात्री झोपायच्या आधी. ती सिरिंज त्याने माझ्यासमोर व्हिडिओवर मोडली, आणि केशरी टोपणाच्या आणायला तो तसाच खाली उतरला. त्याची आई आज ठणठणीत आहे, पण तो फोटो मी अजून ठेवलाय आणि काउंटरवर इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

पेनची गोष्ट वेगळी. पेनमधलं नेहमीचं इन्सुलिन इथेही १०० युनिटचंच असतं. तरीही नाव अक्षर न अक्षर जुळवा आणि फार्मासिस्टला जुन्या डोसचा आकडा सांगा.

पाचवी तपासणी: चिठ्ठीशिवाय काय मिळतं

आता दुकानात जा. काउंटरच्या बाहेर मांडलेल्या फडताळापाशी नाही, आत फार्मासिस्ट बसतो तिथे. औषध गेलंय हे सांगून यादी पुढे करा. कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळते, फक्त ती ७५ ऐवजी ८१ मिलिग्रॅमची असते. तेवढ्या फरकाने अडून बसू नका. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल, अ‍ॅलर्जीची सेटिरिझिन हीसुद्धा तशीच मिळतात. थायलंड-नेपाळला रोजची पुष्कळ औषधं फार्मासिस्ट थेट देतात. आखाती देशांत दुकानांमध्ये आपले लोक बरेच आहेत, हिंदीत बोलणं होतं, मोकळेपणाने विचारा.

जर्मनीत जात असाल तर रविवारी दुकानं बंद असतात. लाल रंगाच्या मोठ्या ए अक्षराची पाटी असलेल्या कुठल्याही बंद दुकानाच्या दारावर, त्या दिवशी पाळी कोणत्या दुकानाची आहे ते लिहिलेलं असतं.

रस्त्यावरचा विक्रेता, बाजारातली सुटी पट्टी, पत्ता नसलेली वेबसाइट, यांच्याकडून स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध कमअस्सल किंवा बनावट असतं.

सहावी तपासणी: तक्रार आणि विमा

चोरी असेल तर त्याच दिवशी पोलिसांत नोंदवा आणि कागद घ्या. विमा कंपनी तो मागते. झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या परत लिहून देताना डॉक्टरही मागतात, कारण "चोरीला गेल्या" असं सांगून त्या मिळवणारे तिथे रोज येतात. प्रवास विम्याच्या कागदावर चोवीस तास चालणारा मदतीचा नंबर असतो. डॉक्टरकडे जाण्याआधी तिथे फोन करा आणि जवळचा ठरलेला दवाखाना विचारा. आधीपासूनच्या आजाराच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च अनेक पॉलिसी देत नाहीत, जीव धोक्यात असेल तरच देतात. हे आधी माहीत असलं की भांडणात वेळ जात नाही.

पासपोर्टही गेला असेल तर भारतीय वकिलातीत जावं लागेलच, परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रारही टाकता येते. वकिलातीकडून गोळ्या मिळत नाहीत, पण ओळखीचा कागद नसेल तर पुढचं सगळंच अडतं.

सातवी तपासणी: तिथला डॉक्टर

अमेरिकेत इमर्जन्सी रूममध्ये गोळ्या लिहून घ्यायला जाऊ नका, तिथलं बिल झेपत नाही. अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना, किंवा मोठ्या औषध दुकानातलंच छोटं क्लिनिक बघा. आत जाण्याआधी विमा नसलेल्याला तपासणीचे किती, हे विचारा. तिथे तो प्रश्न कुणाला वावगा वाटत नाही. चिठ्ठी जेनेरिकची मागा. वॉलमार्टने २००६ साली ३० दिवसांच्या साध्या जेनेरिक गोळ्या ४ डॉलरला द्यायला सुरुवात केली, ती यादी दुकानात विचारून घ्या. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिनसारखी नावं अशा यादीत असतात.

ब्रिटनमध्ये १११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर फोन करा. मुक्काम २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तात्पुरता रुग्ण म्हणून नाव नोंदवता येतं, आणि पाहुण्यालाही जीपीच्या तपासणीचे पैसे लागत नाहीत. औषधाचे लागू शकतात. जर्मनीत दवाखाने बंद असताना ११६११७. सिंगापूरला साध्या क्लिनिकमध्ये डॉक्टर स्वतःच औषध देतात, वेगळं दुकान शोधावं लागत नाही.

डॉक्टरसमोर गेल्यावर पूर्ण आजारपण सांगत बसू नका. आजार, गोळीचं मूळ नाव, ताकद, शेवटची गोळी कधी घेतली, परतीची तारीख, आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे. एवढं कागदावर असावं. गोळ्या परतीच्या तारखेपर्यंतच्या आणि वर आठवडाभराच्या मागा.

नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन आपल्याकडे इतकी साधी झालीय की ती नियंत्रित औषध आहे हे कुणाला खरं वाटत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून, अमेरिकेत आणि अमिरातीतही ती नियंत्रित आहे. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांचंही तेच. यातलं काही गेलं असेल तर ओळखीच्या पाहुण्याकडून दोन गोळ्या उसन्या मागू नका. अमिरातीत त्यासाठी तुरुंग होऊ शकतो. डॉक्टरच गाठा, आणि पहिल्याच वाक्यात सांगा की रोज घेत होतो, आता तुटली आहे.

आठवी, आणि सगळ्यात अवघड: नागपूरहून पाठवणं

रात्री दोनच्या फोनवर मुलं आधी हेच विचारतात: "ताई, कुरिअर करता का?" मी हे शेवटी ठेवते. पार्सल तिथल्या कस्टममध्ये अडकतं, अमेरिकेत औषध खातं ते रोखून ठेवू शकतं, आणि तोवर माणूस गोळीविना बसलेला असतो. इन्सुलिन तर कुरिअरने पाठवूच नये. दोन ते आठ अंश लागणारी वस्तू मे महिन्यात आपल्या ४५ अंशांतून निघून विमानतळावरच्या गोदामात दोन दिवस पडली तर पोहोचेल ते निव्वळ पाणी. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तीन महिन्यांपर्यंतचं औषध तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह मागवता येतं, पण तोही लांबलेल्या मुक्कामाचा उपाय आहे, आजच्या अडचणीचा नाही.

कुणी नागपूरहून जाणार असेल तर त्याच्या हाती पाठवण्याआधी त्या देशाचा नियम बघा. दुसऱ्याच्या नावाची औषधं जवळ बाळगायला काही देशांत मनाई असते. चिठ्ठी, बिल आणि मूळ स्ट्रिप्स सोबत द्या, सुट्या गोळ्या डबीत भरून कधीच नाही. वरच्या नियंत्रित यादीतलं औषध तर कुणाच्याही हाती नाही. पाठवणाऱ्याने भीड घातली तर नेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि अडकतो तो.

परत आल्यावर

हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तिकडून आणलेल्या बाटल्या आणि इथल्या उरलेल्या स्ट्रिप्स एकाच डब्यात जातात. नावं वेगळी असल्याने दोन्ही चालू राहतात. गेल्या वर्षी एक काका पायाला सूज आली म्हणून क्रेप बँडेज मागायला आले. चपलेचा पट्टा बसत नव्हता, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहत होता. मी विचारलं, तिकडे गोळी बदलली होती का? त्यांनी खिशातून डबी काढली. आत अ‍ॅम्लाँग आणि नॉरव्हॅस्क, दोन्ही रोज सकाळी, सव्वा महिना. दोन्हीत अ‍ॅम्लोडिपिनच. मी बँडेज दिलं नाही, त्यांना तसंच रिक्षात बसवून त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पंधरा दिवसांनी आले तेव्हा बूट घालून आले होते.

म्हणून परतल्यावर तिकडच्या सगळ्या बाटल्या, अर्ध्या उरलेल्यासुद्धा, पिशवीत घालून तुमच्या मेडिकलवर घेऊन या. दुपारी दोन ते चार आमच्याकडे गर्दी नसते, टेबलावर सगळं मांडून एकेक नाव जुळवता येतं.